हॉगवर्ट्सला नेणारा पूल, मॅलेगला जाणारी गाडी

हा फोटो तुम्ही नक्की पाहिलाय. हिरव्या दरीत एका ओळीत उभ्या असलेल्या उंच कमानी, त्यावरून वळण घेत निघालेली आगगाडी, इंजिनाच्या मागे पांढऱ्या वाफेचा लांबलचक पट्टा आणि पलीकडे डोंगरांच्या कुशीत पसरलेलं पाणी. कुणाच्या तरी लॅपटॉपचा वॉलपेपर, कुणाचं तरी ‘बकेट लिस्ट’वालं स्टेटस. आणि खाली हमखास एक कमेंट, ‘अरे, हा तर हॅरी पॉटरचा पूल!’

बरोबर. स्कॉटलंडमधल्या ग्लेनफिनन गावाजवळचा हा व्हायाडक्ट. म्हणजे नदीऐवजी अख्खी दरी ओलांडणारा कमानींचा पूल. २००२ च्या ‘चेंबर ऑफ सिक्रेट्स’मध्ये हॅरी आणि रॉन यांची उडती मोटार याच पुलापाशी ट्रेनला गाठते आणि हॅरी दाराला लोंबकळतो. २००४ च्या ‘प्रिझनर ऑफ अझकाबान’मध्ये भर पावसात हॉगवर्ट्स एक्स्प्रेस इथेच थांबते आणि डिमेंटर्स डब्यात शिरतात. पलीकडचं पाणी म्हणजे लॉख शील. लॉख म्हणजे स्कॉटिश भाषेत तळं. हॉगवर्ट्सच्या भोवतीचं ते गूढ तळं पडद्यावर उभं करायलाही हीच जागा वापरली गेली.

आता गंमत अशी, की सिनेमात हा पूल जेमतेम काही सेकंद दिसतो. पण त्या काही सेकंदांसाठी जगभरातून इतकी माणसं येतात, की ग्लेनफिननसारख्या चिमुकल्या गावाला उन्हाळ्यात धड श्वास घेता येत नाही. त्यातले बरेच जण गाडी येते, फोन वर करतात, गाडी जाते, फोन खाली करतात आणि परत फिरतात. तुमच्यापैकी कुणी मास्टर्ससाठी ग्लासगो किंवा एडिनबराला गेलं असेल, पुढच्या वर्षी जाणार असेल, तर एखाद्या लाँग वीकेंडला हा बेत ठरणारच. तेव्हा निघण्याआधी या पुलाची खरी गोष्ट ऐकून जा. सिनेमापेक्षा ती जास्त भारी आहे.

माशांसाठी बांधलेला पूल

हा पूल जादूगारांसाठी बांधला नव्हता हे उघडच आहे. पण तो पर्यटकांसाठीही बांधला नव्हता. तो बांधला माशांसाठी. आणि गाव सोडून निघालेल्या माणसांसाठी.

स्कॉटलंडच्या या डोंगराळ भागाला हायलँड्स म्हणतात. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढची शंभरेक वर्षं इथल्या जमीनदारांनी कुळांना पिढ्यान्‌पिढ्यांच्या जमिनीवरून हुसकावलं, कारण माणसांच्या शेतीपेक्षा मेंढ्या पाळण्यात जास्त पैसा होता. गावंच्या गावं रिकामी झाली. कुणी ग्लासगोच्या कारखान्यांत गेलं, कुणी जहाजात बसून कॅनडा गाठला. जे उरले त्यांच्याकडे थोडीशी जमीन आणि समोर समुद्र. समुद्रात हेरिंग मासा भरपूर होता, पण मासा ताजा असताना मोठ्या शहराच्या बाजारात पोचवायची सोय नव्हती. मासा पकडायचा आणि तो सडताना बघायचा, अशी अवस्था.

म्हणून फोर्ट विल्यम ते मॅलेग ही सुमारे ६७ किलोमीटरची रेल्वे टाकायचं ठरलं. मॅलेग हे किनाऱ्यावरचं टोक. या मार्गातून नफा होणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं. त्यामुळे गुंतवलेल्या पैशावरच्या परताव्याची हमी सरकारनं घ्यावी लागली आणि त्यावरून लंडनच्या संसदेत भरपूर वादही झाला. करदात्यांच्या पैशातून त्या कोपऱ्यातल्या लोकांसाठी रेल्वे कशाला, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. आपल्याला तो नवा नाही.

कंत्राट मिळालं रॉबर्ट मॅकअल्पाईन यांच्या कंपनीला. या गृहस्थांना ‘काँक्रीट बॉब’ म्हणायचे. कारण स्पष्ट आहे. तोवर असे पूल घडीव दगडाचे किंवा लोखंडाचे व्हायचे. पण इथला खडक इतका कठीण, की त्याचे नीट चिरे काढायचे म्हणजे वेळ आणि पैसा दोन्ही गेले. मॅकअल्पाईन यांनी तोच खडक फोडून त्याची खडी केली आणि काँक्रीट ओतलं. आत एकही लोखंडी सळई नाही! आज तुमच्या सोसायटीच्या जिन्यातसुद्धा सळया असतात. इथे २१ कमानी, ३८० मीटर लांबी, दरीच्या तळापासून ३० मीटरपर्यंत उंची आणि सगळं नुसत्या काँक्रीटच्या वजनावर तोललेलं. जुलै १८९७ मध्ये काम सुरू झालं, ऑक्टोबर १८९८ पर्यंत पूल उभा होता. १ एप्रिल १९०१ ला मॅलेगपर्यंत गाडी धावली.

आणि हे काम सांभाळणारी माणसं कोण होती? मॅकअल्पाईन यांची मुलं. त्यातला माल्कम तर तुमच्याच वयाचा, विशीच्या आसपासचा. याच रेल्वेच्या कामावर सुरुंगाच्या स्फोटात तो इतका जखमी झाला, की वाचेल अशी आशा नव्हती. ग्लासगोहून विल्यम मॅकइवेन या नामवंत सर्जनना या आडरानात आणलं गेलं आणि त्यांनी त्याचा जीव वाचवला. त्याच्या मदतीला निदान सर्जन आला. या मार्गावर खपलेल्या हजारो मजुरांची नावं मात्र कुठल्याही वॉलपेपरवर नाहीत.

खांबातला घोडा

आता हॉस्टेलवर रात्री सांगायची गोष्ट.

पूल बांधताना एक घोडागाडी मागे मागे जाऊन खडी ओतत असताना घोड्यासकट पोकळ खांबात पडली आणि तिथेच गाडली गेली, अशी दंतकथा या भागात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जायची. सगळे म्हणायचे, ग्लेनफिननच्याच पुलात आहे तो घोडा. १९८७ मध्ये रोलंड पॅक्स्टन नावाच्या प्राध्यापकांनी ठरवलं, बघूनच टाकू. त्यांनी ग्लेनफिननच्या मोठ्या खांबांत भोकातून कॅमेरा सोडला. आत काहीच नाही. नुसता अंधार आणि पोकळी.

दंतकथा खोटी? थांबा. याच मार्गावर थोडं पुढे लॉख नान उआव या समुद्राच्या फाट्याजवळ आणखी एक पूल आहे. आठ कमानींचा, मधोमध एक जाडजूड खांब. २००१ मध्ये त्या खांबाची रडारनं तपासणी झाली आणि आत खरंच घोडा आणि गाडीचे अवशेष दिसले. गोष्ट खरी होती, पत्ता चुकला होता. तोंडी इतिहासाकडे ‘छे, गप्पा’ म्हणून दुर्लक्ष करणाऱ्या प्रत्येकाला हा किस्सा ऐकवावा असा आहे.

गाडीतून जाल तेव्हा ग्लेनफिननवर सगळ्या डब्यात फोन निघतील. या दुसऱ्या पुलावर फारसं कुणी बाहेर बघणार नाही. तुम्ही बघा. एक मूक प्राणी सव्वाशे वर्षं तिथे उभ्यानं गाडलेला आहे.

तळ्याकाठचा चोवीस वर्षांचा राजपुत्र

पुलाकडे पाठ करून तळ्याकडे बघितलं की काठावर एक उंच दगडी मनोरा दिसतो आणि त्याच्या टोकावर किल्ट घातलेला एक माणूस. बहुतेक पर्यटकांना तो ‘फोटोत छान दिसणारा टॉवर’ वाटतो. पण ग्लेनफिनन हे नाव स्कॉटलंडमध्ये शाळेतल्या पोरांनासुद्धा माहीत असतं ते पुलामुळे नाही, या जागेमुळे.

१९ ऑगस्ट १७४५. चार्ल्स एडवर्ड स्टुअर्ट, वय वर्षं २४, मूठभर माणसं घेऊन या तळ्याच्या काठावर वाट बघत उभा होता. त्याच्या आजोबांचं, म्हणजे जेम्स राजाचं, ब्रिटनचं सिंहासन गेलं होतं आणि ते परत मिळवायला हा परदेशातून येऊन उतरला होता. हायलँड्समधल्या कुळ्या, ज्यांना तिथे ‘क्लॅन’ म्हणतात, साथ देतील का याची खात्री नव्हती. मग डोंगराआडून बॅगपाईपचे सूर ऐकू आले आणि कॅमरन क्लॅनची शेकडो माणसं खाली उतरली. झेंडा उभारला गेला. बंड सुरू झालं.

पुढचं थोडक्यात. त्याची फौज इंग्लंडमध्ये डर्बीपर्यंत धडकली, तिथून मागे फिरली आणि १६ एप्रिल १७४६ ला कलोडनच्या मैदानावर तासाभराच्या आत संपली. राजपुत्र महिनोन्‌महिने डोंगरदऱ्यांत लपत राहिला आणि सप्टेंबरमध्ये जहाजानं फ्रान्सला निसटला. कुठून? त्याच लॉख नान उआवच्या किनाऱ्यावरून, जिथे पुलात घोडा आहे. तो सुटला, पण मागे राहिलेल्या माणसांना किंमत मोजावी लागली. हायलँडर पुरुषांना त्यांचा पारंपरिक पोशाख घालायलाही कायद्यानं बंदी आली. ती उठली १७८२ मध्ये. मग जमिनी गेल्या, जहाजं भरून माणसं गेली. याच तळ्याच्या काठावरच्या ग्लेनालाडेलच्या मॅकडोनाल्ड घराण्यातल्या एकानं १७७२ मध्ये लोकांचा एक जथा कॅनडात नेला. घराण्यातल्याच अलेक्झांडर मॅकडोनाल्डनं १८१५ मध्ये हा मनोरा बांधला. वरचा पुतळा नंतर, १८३० च्या दशकात बसला.

आणि तो पुतळा राजपुत्राचा नाही. नीट बघा. तो एका अनाम हायलँडरचा आहे. राजासाठी लढलेल्या आणि घर गमावलेल्या कुणाचाही. जिथे नेत्याचाच पुतळा बसायची सवय असते, तिथे ही निवड आपल्याला थोडा वेळ गप्प करते.

या सगळ्यांना ‘जॅकोबाइट’ म्हणायचे. जेम्स या नावाचं लॅटिन रूप जेकोबस, त्यावरून आलेलं नाव. आता समजलं असेल, इथल्या प्रसिद्ध वाफेच्या गाडीचं नाव ‘जॅकोबाइट’ का आहे ते. हॉगवर्ट्स एक्स्प्रेस हे तिचं टोपणनाव. खरं नाव एका हरलेल्या बंडाचं आहे.

लाल नाही, काळं इंजिन

फॅन्ससाठी एक छोटासा धक्का. तुम्ही पुलाखाली उभं राहून लाल इंजिनाची वाट बघाल आणि समोरून बहुधा काळं इंजिन येईल. सिनेमातलं लाल इंजिन म्हणजे ‘ऑल्टन हॉल’ नावाचं जुनं इंजिन. त्याला शूटिंगसाठी लाल रंग दिला होता. ते आता लंडनजवळच्या वॉर्नर ब्रदर्सच्या स्टुडिओत ठेवलंय. ‘जॅकोबाइट’ला वेगवेगळी वाफेची इंजिनं जोडतात. डबे मात्र मरून रंगाचे, जुन्या पद्धतीचे, त्यामुळे फील अगदीच जात नाही.

हे जुने डबेच मध्यंतरी मोठ्या वादाचं कारण झाले. त्यांची दारं हातानं उघडायची, बिजागरीवाली. गाडी चालू असताना सगळी दारं एकदम बंद ठेवणारी मध्यवर्ती लॉकची सोय त्यांना नव्हती. ब्रिटनच्या रेल्वे सुरक्षेच्या नियामकानं सांगितलं, ही सोय बसवा. गाडी चालवणाऱ्या कंपनीचं म्हणणं होतं, आमची माणसं दारांवर लक्ष ठेवतात, खर्च झेपणारा नाही. प्रकरण कोर्टात गेलं. डिसेंबर २०२३ मध्ये कोर्टानं नियामकाची बाजू घेतली आणि २०२४ चा सीझन सुरू होताना गाडीच बंद होती. मॅलेगमधल्या दुकानदारांचा, हॉटेलवाल्यांचा जीव टांगणीला लागला, कारण त्यांचा उन्हाळा या गाडीवर चालतो. एप्रिलमध्ये तात्पुरती सूट मिळाली आणि गाडी पुन्हा धावली.

‘एवढ्या सुंदर गाडीच्या मागे दाराच्या कडीसाठी लागायचं?’ असं वाटलं ना? मग एकदा जून २०२५ मधलं मुंब्र्याचं ते वळण आठवा. लोकलच्या दारात लटकलेले प्रवासी पडले, जीव गेले आणि आपल्याकडे बंद दारांच्या लोकलची चर्चा पुन्हा सुरू झाली. दारं गाडीइतकीच महत्त्वाची असतात, हे आपल्याइतकं कुणाला कळणार? दोन्ही बाजू खऱ्या आहेत, म्हणून तर तो वाद अवघड होता. सुरक्षित गाडी हवी आणि तिच्यावर जगणारं गावही टिकायला हवं.

काही सेकंदांची किंमत

आता मुद्द्याचं. ग्लेनफिननमध्ये पार्किंगची जागा थोडी, रस्ता एकच आणि येणारे बेसुमार. वाफेची गाडी यायच्या वेळेला रस्त्याच्या कडेला, गवतात, कुणाच्या फाटकासमोर गाड्या लागतात. ज्यांना कामावर जायचंय, ज्यांच्या घरी कुणी आजारी आहे, त्यांनी काय करायचं? सिनेमा कुणाच्या गावात शूट झाला म्हणून ते गाव सेट होत नाही.

त्याहून वाईट म्हणजे रूळ. ‘समोरून’ फोटो हवा म्हणून माणसं चक्क रुळांवर जातात. रेल्वे आणि पोलिसांना यावर पुन्हा पुन्हा इशारे द्यावे लागलेत. हा एकेरी मार्ग आहे, वळणावर आहे आणि इथे फक्त वाफेची गाडीच येत नाही. नेहमीच्या डिझेल गाड्याही येतात. त्या वाफ सोडत, शिट्टी वाजवत ‘एंट्री’ घेत नाहीत.

परदेशी लोक असं करतात म्हणून हसायचं कारण नाही. आपल्याकडे दूधसागर आहेच. २०१३ च्या ‘चेन्नई एक्स्प्रेस’मध्ये शाहरुखची गाडी त्या धबधब्यासमोर थांबली आणि त्यानंतरचा प्रत्येक पावसाळा बघा. जुलै २०२३ मध्ये बंदी असूनही रुळांवरून चालत धबधब्याकडे निघालेल्या पोरांना रेल्वेच्या माणसांनी उठाबशा काढायला लावल्या. तो व्हिडिओ तुम्हीही फॉरवर्ड केला असेल. रेल्वेनं तेव्हा साधी विनंती केली होती, की धबधबा डब्यातून बघा. रुळांवर विनापरवाना जाणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. पण खरं सांगायचं तर कलम लक्षात ठेवायची गरज नाही. गाडी ब्रेक लावल्या लावल्या थांबत नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

ग्लेनफिनन काय किंवा दूधसागर काय, प्रश्न एकच आहे. एखादी जागा आवडली म्हणून आपण तिथे जातो. मग आपल्या आवडण्यानं ती जागा बिघडणार असेल, तर ते आवडणं कसलं?

जाणार असाल तर…

घाबरू नका, जाऊ नका असं सांगायला हा लेख नाही. जरूर जा. फक्त थोडं डोकं लावून जा.

• वाफेच्या गाडीचं तिकीट महाग असतं आणि लवकर संपतं. पण त्याच रुळांवरून, त्याच पुलावरून स्कॉटरेलची साधी पॅसेंजर गाडी जाते. ग्लासगोच्या क्वीन स्ट्रीट स्टेशनवरून मॅलेगपर्यंत थेट, पाच-सव्वापाच तास. खिडकीबाहेरचं दृश्य तेच. फक्त वाफ नाही. आणि वाफेच्या गाडीत बसल्यावर बाहेरून दिसणारी वाफेची गाडी कशी दिसणार, हाही विचार करा!

• ब्रिटनमध्ये १६ ते २५ वयाच्यांसाठी रेलकार्ड मिळतं. तिकिटावर एक तृतीयांश सूट. दोन-तीन लांबच्या प्रवासांत कार्डाचे पैसे वसूल. स्टुडंट म्हणून गेला असाल तर पहिल्याच महिन्यात काढा.

• फोर्ट विल्यमहून मॅलेगकडे जाताना डावीकडची खिडकी पकडा. पूल डावीकडे वळतो, त्यामुळे स्वतःच्याच गाडीचा पुढचा भाग कमानींवरून वळताना दिसतो आणि त्याच बाजूला लॉख शील.

• शक्यतो मोटार नेऊ नका. ग्लेनफिननला स्टेशन आहे, गाडी तिथे थांबते. स्टेशनच्या जुन्या इमारतीत छोटं रेल्वे म्युझियम आहे आणि तिथून पूल दिसणाऱ्या जागेपर्यंत पायवाट जाते. म्हणजे पार्किंगची भांडणं नाहीत आणि गावालाही त्रास नाही.

• गाडी गेल्यावर थांबा. गर्दी पांगते. मग तळ्याकडे उतरा, स्मारकाच्या केंद्रामागच्या टेकडीवर चढा. तिथून एका बाजूला पूल आणि दुसऱ्या बाजूला तळं दिसतं. लॉख शील सुमारे २८ किलोमीटर लांब आणि अरुंद आहे, त्यामुळे त्याचं दुसरं टोक दिसतच नाही. डोंगर एकामागून एक फिकट होत जातात आणि पाणी मध्येच कुठेतरी वळून नाहीसं होतं.

• ‘वाफेची गाडी बघायचीच’ असेल तर ती वर्षभर नसते. साधारण एप्रिल ते ऑक्टोबर. त्या दिवसाच्या वेळा आधी बघून घ्या.

• पाऊस पडणार असं गृहीत धरा. आणि उन्हाळ्यात मिज नावाची बारीक चिलटं झुंडीनं चावतात. वारा थांबला की ती येतात. त्यांच्यासाठीचं क्रीम विसरलात तर फोटोतलं हसू खरं येणार नाही.

• खिशात बँक ऑफ स्कॉटलंडची दहा पौंडांची नोट आली तर उलटी करून बघा. पूल तिथेही आहे. हा फोटो फुकट आणि शंभर टक्के सुरक्षित.

सिनेमावेड्यांसाठी जादा माल. ‘हायलँडर’ (१९८६) या सिनेमाचा नायक याच लॉख शीलच्या काठचा दाखवलाय. पुढे लॉख आइल्ट लागतं, त्यातलं एक छोटं झाडांचं बेट डंबलडोरच्या समाधीसाठी वापरलं. ग्लासगोहून येताना कॉरूर नावाचं माळरानावरचं एकाकी स्टेशन लागतं, ते ‘ट्रेनस्पॉटिंग’मधलं. आणि मॅलेगहून बोटीनं स्काय बेटावर गेलात, तर पुढे आयलियन डोनानचा किल्ला गाठता येतो. तो कुठे पाहिलाय आठवत नसेल, तर १९९८ चा ‘कुछ कुछ होता है’ लावा आणि टायटल साँगमध्ये शाहरुख-काजोलच्या मागे बघा.

आणि आपला पूल?

शेवटी एक प्रश्न. रत्नागिरीजवळचा पानवलचा पूल तुम्ही पाहिलाय?

कोकण रेल्वेवरचा हा व्हायाडक्ट ४२४ मीटर लांब आहे आणि ६४ मीटर उंच. म्हणजे ग्लेनफिननच्या दुपटीहून जास्त उंच. त्यालाही तशीच कारणं आहेत. डोंगर, दऱ्या, ‘इथे रेल्वे होणं शक्यच नाही’ म्हणणारे लोक, ‘एवढा खर्च कोकणासाठी कशाला’ म्हणणारे लोक. आणि दुसरीकडे समुद्र, मासा, आंबा आणि पोटासाठी मुंबईला गेलेली माणसं. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली आणि चाकरमान्याला गणपतीत घरी जायला एसटीच्या रात्रभराच्या प्रवासाशिवाय दुसरा रस्ता मिळाला. मॅलेगच्या रेल्वेला जे करायचं होतं, तेच हिनं केलं.

ग्लेनफिननला एक सिनेमा मिळाला म्हणून आपल्याला तिथल्या कमानी मोजता येतात. पानवलच्या पुलावरून आपल्यातले कितीतरी जण डझनभर वेळा गेले असतील, मोबाइलमध्ये मान घालून. एखादी जागा बघण्यासारखी आहे हे ठरवायला आपल्याला कॅमेरा आधी तिथे जावा लागतो का?

स्कॉटलंडचा व्हिसा मिळेल तेव्हा मिळेल. या पावसाळ्यात मांडवीत किंवा तुतारीत बसाल, तेव्हा रत्नागिरीच्या आसपास खिडकीशी या. खिडकीशी हं, दारात नाही. खाली दरी दिसेल, खाली दूरवर झाडांचे शेंडे दिसतील आणि गाडी क्षणभर हवेतून चालल्यासारखी वाटेल. तेव्हा हा पूल कुणी, कशासाठी आणि कुणासाठी बांधला हे शेजारच्या प्रवाशाला विचारा. सांगणारं कुणीतरी निघेलच. आणि एखादी खांबातल्या घोड्यासारखी गोष्ट निघाली, तर हसण्यावारी नेऊ नका. लिहून ठेवा.